चौदा नंबरचं पान

लंडन,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय नंद्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझा पहिला प्रश्न असणार, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'अरे पण' सुरू करतोस आणि मग विषय महानगरपालिकेवर जातो. हे मला सलग सांगायचंय. वर्षभर काही लिहिलं नाही, बापूच्या वर्षश्राद्धाला नुसता मेसेज टाकला, त्यावर तू मनात जे जे म्हणालास ते मला इथे बसून ऐकू आलं. तब्येत ठीक. शुगर काठावर, गुडघा होता तिथेच. झालं.

तर ऐक. आपल्या टॅरोच्या कॅटमधलं चौदा नंबरचं पान आपलं नाही.

पुन्हा वाच. मी थांबतो.

झालं असं की घराच्या विम्यासाठी मौल्यवान वस्तूंची यादी करायची होती. हिने दागिने लिहिले, ते चार ओळींत संपले. मग माझं कपाट उघडून म्हणाली, "हेही लिहा. उद्या पाणी शिरलं तर निदान घातलेले पैसे तरी परत येतील." म्हणून सगळे कॅट पिशवीत भरून इथल्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. तो जुने पत्तेच घेतो-विकतो, दुसरं काही नाही. दुकानसुद्धा नाही, राहत्या घराची पुढची खोली. त्याने बाकीचे भराभर पाहिले. मार्सेयचे फ्रेंच कॅट बघून मान हलवली. सोला बुस्काची नक्कल न उघडताच बाजूला सारली. बरोबरच आहे, पंधराव्या शतकातला मूळ कॅट मिलानला ब्रेरा संग्रहालयात असताना नकलेला कोण विचारतो. रॉबर्ट प्लेसचा १९९५ चा 'अल्केमिकल टॅरो' मात्र पहिल्या आवृत्तीचा, पुस्तकासकट, कोपरे शाबूत. त्याला जो भाव सांगितला तो मी इथे लिहीत नाही. फक्त एवढं आठव की तो मी घेतला तेव्हा तू म्हणाला होतास, "काल काढलेला कॅट जुना म्हणून घेणारा तूच."

शेवटी पांढरा खोका काढला. आपला थॉथ.

त्याने चित्रं बघितलीच नाहीत. पानं पालथी केली आणि खिडकीच्या उजेडात ओळीने मांडत गेला. अठ्ठ्याहत्तर पाठी, अठ्ठ्याहत्तर गुलाबाचे क्रूस. मग एका पाठीवर बोट ठेवलं, ती ओळीतून खाली ओढली आणि विचारलं, "हा पाहुणा कुठला?" उलटं केलं तर चौदा नंबर.

भिंग माझ्या हातात दिलं. इतर पानांवर ठिपके भरड, लाल रंग रेषेच्या केसभर बाहेर सरकलेला. या पानावर ठिपके बारीक आणि सगळे रंग जागच्या जागी. तू विसरला असशील आणि कबूल करणार नाहीस, म्हणून सांगतो. गूढविद्येवाल्या क्राउलीच्या सूचनांवरून फ्रीडा हॅरिसने थॉथची चित्रं काढली १९३८ ते १९४३. क्राउलीचं त्यावरचं पुस्तक निघालं १९४४ ला, दोनशे प्रती. पत्त्यांचा कॅट म्हणून छपाई झाली थेट १९६९ ला. तोवर तो १९४७ लाच गेलेला आणि ती १९६२ ला. ज्याच्यावर एवढा घाम गाळला तो कॅट दोघांपैकी कोणालाच पिसायला मिळाला नाही. पुढे १९७७ ला मूळ चित्रांचे नव्याने फोटो काढले आणि छपाई सुधारली. आपला कॅट त्याच्या आधीचा. चौदा नंबर त्याच्या नंतरचा.

आता तुझ्या सिद्धांताकडे येऊ. मी दुबईहून परत आलो तेव्हा गिरगावच्या खोलीत आपण तिघांनी कितीतरी दिवसांनी कॅट उघडला होता, आणि चौदा नंबर बघून मी म्हणालो, "हे पान एवढं झळाळतं कसं?" त्यावर तू जे प्रवचन दिलंस ते मला तोंडपाठ आहे. किमयेचं सगळं सार या एका पानात आहे, बाईने यात जीव ओतलाय, पूर्वी आपण पोरं होतो, आता आपली नजर तयार झाली म्हणून ते दिसायला लागलं. नजर तयार झाली! अरे, ते झळाळत होतं कारण ते चांगलं छापलेलं होतं. आणि तू बोलत असताना बापू खिडकीत बसून शेंगा सोलत होता. एक शब्द बोलला नाही. उलट मध्येच म्हणाला, "नंद्या म्हणतो त्यात तथ्य आहे."

मी दुबईला असताना कॅट कोणाकडे होता? बापूकडे.

म्हाताऱ्याकडून घरी आल्यावर रात्री टेबलावर ते पान घेऊन बसलो. किती वेळा पाहिलंय आपण ते, पण या वेळी मी चित्र सोडून पान बघत होतो. भोवतीची पट्टी इतर पानांपेक्षा बारीक आहे, पाव मिलिमीटरने असेल. चारी बाजूंनी तासलेलं आहे. स्विस लोकांनी हा कॅट लहानमोठ्या आकारांत काढला होता, त्यातल्या मोठ्या पानाला कापून आपल्या मापाचं केलंय. कड इतकी सरळ की हाताने शक्यच नाही, प्रेसच्या कटिंग मशीनवरच. कोपरे मात्र हाताचे. तीन झकास आणि चौथा, खालचा डावा, किंचित जास्त गोल. नखाने चाचपलं तर तेवढाच लागतो. आणि कडांना पिवळट झाक आहे, ती वयाची नाही. कापलेल्या कडेचा पांढरा कागद उठून दिसू नये म्हणून कोणीतरी चहाचं पाणी लावलंय. चहाचं पाणी, नंद्या! प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुनी दिसायला हवी म्हणून बापू काय करायचा? ठिपके कसे वाचायचे, रंग सरकला की कुठे बघायचं, हे आपल्याला शिकवलं कोणी? स्वतःच आयग्लास देऊन बसवायचा आणि त्याच आयग्लासाखाली हे पान आपल्याला कधी धरू दिलं नाही.

पुढचं तुला आत्तापर्यंत कळलं असेल, तरी लिहितो. 'तीन जादूगार.'

आपण त्याला किती छळलं त्यावरून. एका संध्याकाळी सहज बोलून गेला होता, "माझ्या कॅटमध्ये जादूगार तीन आहेत." आपण म्हटलं, दाखव. म्हणाला, दाखवीन. कधी दाखवला नाही. मग बापू थापाड्या, बापूच्या कॅटमध्ये चार राजे नि तीन जादूगार नि दोन रेशनकार्डं. तू तर त्याला उखाणाही घालायला लावलास त्यावर. अरे, होते! जादूगाराचं पान एरवी एकच, पण स्विस छपाईत खरंच तीन घालत. हॅरिसने एकेक चित्र पुन्हा पुन्हा काढलं, काही तर आठ-आठ वेळा, असं क्राउलीनेच लिहून ठेवलंय. जादूगाराच्या बाबतीत बाजूला पडलेल्या दोन चित्रांनाही त्यांनी कॅटमध्ये जागा दिली. मला हे कित्येक वर्षं माहीत आहे, इथे तसे कॅट हाताळलेत, पण बापूच्या त्या वाक्याशी त्याची गाठ कधी घातलीच नव्हती. आपल्या डोक्यात तो विनोद होता ना.

म्हणजे बापूने एक अख्खा नवाकोरा विलायती कॅट घेतला, त्यातलं एक पान काढलं, कापलं, चहा पाजला आणि आपल्या खोक्यात घातलं. उरलेला कॅट कोणाला दाखवता येणार? दाखवला असता तर तू पहिलं काय केलं असतंस? मोजला असतास.

आपलं मूळ पान कुठे गेलं ते देव जाणे. शाई सांडली असेल, बापूच्या चिन्मयने चघळलं असेल, तो तेव्हा रांगत होता. सांगितलं असतं तर काय झालं असतं रे? तू दोन दिवस बोलला नसतास आणि मी दुबईहून एक खरमरीत पत्र लिहिलं असतं. बस, एवढंच.

आणि पान तरी कुठलं जावं! तूच फळ्यावर लिहिल्यासारखा समजावत असायचास. सहा नंबरवर लाल सिंह आणि पांढरा गरुड, लग्न लागतंय. चौदावर येईपर्यंत दोघांनी रंगांची अदलाबदल केलेली: सिंह पांढरा, गरुड लाल. मध्ये हिरव्या झग्यातली ती दोन तोंडांची व्यक्ती, एक चेहरा काळा, एक गोरा. एका हाताने कढईत पाणी ओततेय, दुसऱ्याने जाळ. कढईवर कवटी, कवटीवर कावळा. आणि मागे ते लॅटिन वाक्य कमानीसारखं, पृथ्वीच्या पोटात उतर, शुद्ध करत राहा, लपलेला दगड सापडेल. पहिली अक्षरं जोडली की व्हिट्रिऑल. तू केमिस्ट्रीवाला, लगेच म्हणालास, "म्हणजे हिराकस आणि मोरचूद, कोणत्याही दुकानात मिळतं." आणि बापूला त्या वर्षी मूतखडा झाला तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू त्याच्या खाटेशी उभा राहून ते लॅटिन मोठ्याने म्हटलंस. नर्सने हाकलून दिलं. बापू हसून हसून कळवळला. वहिनींनी ते तुला अजून माफ केलेलं नाही, हेही तुला माहीत आहे.

गंधकाचं भांडण आठवतं? सम्राटाचं पान म्हणजे गंधक, सम्राज्ञी म्हणजे मीठ, जादूगार म्हणजे पारा, असं मी पुस्तकातून वाचून दाखवत होतो. बापू हटून बसला. "गंधक पुरुष कसा? आपल्याकडे पारा शंकराचा आणि गंधक पार्वतीचा. यांनी उलटं केलंय." तू म्हणालास, उलटं आपण केलंय. रात्री बारापर्यंत. शेवटी त्याच्या आजोबांचं रसशास्त्राचं पुस्तक निघालं, त्यात पारा-गंधक खलून काजळी करायची कृती निघाली, आणि तू म्हणालास की दोन्ही बाजूंनी शेवटी होतं काय तर मर्क्युरी सल्फाइड. तिथे भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही. मला अजूनही वाटतं बापूचा मुद्दा बरोबर होता. पाश्चात्त्यांचं लग्न आणि आपलं लग्न एकच, पण नवरा-नवरीच्या जागा बदललेल्या, यात तुला काहीच गंमत वाटली नाही. तुला फक्त डमेटचा टॅरोचा इतिहास पाठ. १९८० चं ते जाडं पुस्तक काखेत मारून यायचास: इटलीत लोक हे पत्ते खेळत होते, गूढबिढ काही नव्हतं, १७८१ ला कूर द जेबलँने पत्ते इजिप्तचे अशी थाप मारली आणि मग एतेयाने भविष्य सांगायचं दुकान उघडलं. मान्य. सगळं मान्य. पण सोला बुस्का १४९१ च्या सुमाराचा आहे, आणि त्यात किमया शोधणारे सगळेच काही गाढव नाहीत. हा वाद तुझ्याशी समोरासमोर, चहाबरोबर. इथे थांबवतो.

आता मूळ काळजी. एवढं लिहिलं ते तिच्यापर्यंत यायला.

बापूचा पगार दादरला मारला गेला होता, ते वर्ष कुठलं? मी दुबईला गेलो त्याच्या पुढच्या वर्षी. तूच मला कळवलं होतंस: स्टेशनवर पाकीट मारलं, अख्खा पगार गेला, वहिनींनी तो महिना कसा काढला त्यांचं त्यांना ठाऊक, तू तीनशे रुपये दिलेस. मी मनिऑर्डर करतो म्हटलं तर बापूने नको म्हणून कळवलं. तेव्हा आपल्याला वाटलं, मानी माणूस.

तुला काय वाटतं? मला गेल्या शनिवारपासून दुसरं काही सुचत नाहीये. तेव्हा विलायती कॅट, तोही कोणाकरवी मागवलेला, बापूच्या पगारात बसणारच कसा? हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही फार विचार करता, खरंच पाकीट मारलं असेल, दादरला रोज मारतात." असेलही. माझ्याकडे पुरावा काही नाही. एक तासलेलं पान आणि एक जुना महिना, दोन्ही एकमेकांजवळ आले एवढंच. पण तुला सांगतो, तुझे तीनशे कशात गेले ते मला कळल्यासारखं वाटतंय, आणि तू ते अजून अधूनमधून काढतोस, म्हणून हसूही येतं.

काळजी ही की वहिनींची बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीये. चिन्मयचा मेसेज होता, दिवाळीच्या आत जागा खाली करायची, त्याच्या ठाण्याच्या घरात आईचं सामान मावत नाही, बाबांची पुस्तकं नि कागद रद्दीत द्यावे लागतील, काका तुम्हाला काही हवंय का. साधा मेसेज. मी उत्तरच दिलेलं नाही. काय लिहू? हवंय म्हटलं की काय हवंय ते सांगायला पाहिजे. सांगितलं की ते दोघं शोधणार. शोधलं की सापडणार, बापू काही टाकत नसे. आणि सापडलं की वहिनी विचारणार, हे कधी घेतलं, केवढ्याला घेतलं. त्या हिशेबाच्या पक्क्या. तो महिना त्या विसरल्या असतील असं तुला वाटतं? माझ्यासमोर त्यांनी दोनदा काढलाय. बापू जाऊन दोन वर्षं होतायत, आणि आता माझ्यामुळे त्यांना असं कळायचं की पाकीटमार घरातच होता! आणि नाही म्हणून कळवलं तर रद्दीवाला येऊन वजनावर घेऊन जाईल.

म्हाताऱ्याने आणखी एक किडा सोडलाय डोक्यात. मूळ पान सापडलं, डाग पडलेलं का असेना, तरी कॅटची किंमत खूप वाढते म्हणे. त्याच्या लेखी हा सत्त्याहत्तर पानांचा कॅट आहे, एक पान कमी. मी घरी येऊन यादीत अठ्ठ्याहत्तर लिहिलं. पैशांचं सोंग आणत नाही, पैसे कोणाला नकोयत, पण मूळ पान मिळालं तरी मी ते खोक्यात घालणार नाही. वेगळ्या पाकिटात राहील. तू यावर वाद घालशील, मला माहीत आहे. तू 'शुद्ध कॅट'वाला. पण आपल्या कॅटमध्ये खपून केलेलं पान हे एकच आहे, बाकीची सगळी यंत्राने गळालेली.

मूळ चित्रं इथेच आहेत, वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये. बापूला दाखवीन म्हणत होतो. त्याचा पासपोर्ट कधी झालाच नाही. आणि तो तरी काय, काश्मीरच्या सहलीत प्रत्येक शिकारावाल्याला विचारत सुटला होता, हॅरिस मेमसाब कुठे राहायची. बाईंनी शेवटची वर्षं श्रीनगरला काढली, तिथेच गेल्या, एवढ्या माहितीवर! वहिनी शाल घेत होत्या आणि हा मेमसाब शोधत होता.

तर तू डोंबिवलीला वहिनींकडे जा. तेराव्याला जे झालं त्यानंतर तू आणि वहिनी बोलत नाही, हे मला माहीत आहे. चूक कोणाची हे मी तेव्हाही बोललो नाही, आताही बोलत नाही. पण चिन्मय एकटा पुस्तकं बांधतोय, त्याची कंबर तुझ्याहून वाईट आहे. मदतीला म्हणून जा. पत्त्यांचं नाव काढू नकोस. पुस्तकं तू बांध, कागद तू चाळ, आणि हाताला लागलं तर गुपचूप पिशवीत टाक. ही चोरी आहे असं म्हणशील. असू दे. मी चिन्मयला आज कळवतोय की बाबांच्या प्रेसच्या कागदांतलं काही छपाईचं असेल तर नंदूकाकाला बघू दे. यात खोटं काही नाही.

आणि वहिनींच्या हाताला आधी लागलं तर? याचं उत्तर मला सुचलेलं नाही. तू समोर असशील, तूच बघ. तीनशे रुपयांचं मात्र त्या दिवशी काढू नकोस, हात जोडतो.

तुझं काय चाललंय ते विचारायचं राहिलंच. रिटायरमेंटचं अभिनंदन, उशिरा. मुग्धाच्या लग्नाचे फोटो पाहिले, जावई उंच आहे, तुझ्या शेजारी फारच. वंदनाचं थायरॉइड आटोक्यात आहे ना? तुझ्या आईंना नमस्कार सांग. ट्यूशन्स पुन्हा सुरू केल्यास असं सुहासकडून कळलं, मला नाही सांगितलंस.

उत्तर पत्राने दे. फोन केलास तरी चालेल, पण डोंबिवलीला जाऊन आल्यावरच.

तुझा,
अरू

ता. क. ओळखायचं कसं ते लिहितो, नाहीतर रमीचा कॅट उचलून आणशील. जादूगार तीन असले पाहिजेत, प्रत्येकाची मुद्रा वेगळी. चौदा नंबर नसला पाहिजे. एकूण पानं एकोणऐंशी. मोजताना वहिनी खोलीत नाहीत एवढं बघ. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. बाकरवडी नको, त्यांच्या दातांचं काम चाललंय, बर्फी ने.